पुढे दिलेलं तबक

तबक हातात आलं तेव्हा दीनाच्या मनात प्रार्थना नव्हती, आकडा होता. आठ. फार तर दहा कॅलरी. बोटाच्या पेराएवढा पावाचा तुकडा, कडा काढलेला, मैद्याचा. दहाच्या वर जाणार नाही. आकडा शिंकेसारखा आला, न बोलावता, आणि त्याच्या मागोमाग दुसरा आला, सकाळी खाल्लेल्या वाटीभर ओट्सचा, मग चहातल्या दुधाचा, आणि तिन्हींची बेरीज होईपर्यंत पाळकसाहेबांचा आवाज कुठल्या कुठे मागे राहून गेला. हे माझे शरीर आहे, हे प्रभुभोजनाचे येशूचे शब्द ते वाचत होते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचत. आज त्यातला एकच शब्द तिच्यापर्यंत पोचला, शरीर, आणि तो तिला स्वतःविषयीच वाटला. तिने पोट आत ओढून घेतलं, तबक या हातातून त्या हातात घेतलं आणि शेजारच्या लंकाबाईंपुढे धरलं. लंकाबाईंनी तुकडा उचलण्याआधी तिच्याकडे पाहिलं. रांगेच्या टोकाला तबक परत घ्यायला उभे असलेले फिलिपकाका, वडिलांचे जुने साथीदार, पांढरा सदरा, त्यांनीही पाहिलं, आणि त्यांचे ओठ आवाज न करता हलले: घे. पण तबक तोवर चार माणसं पुढे गेलं होतं. मागून द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचा ट्रे आला, तोही तिने तसाच पुढे दिला, कारण एक न घेता दुसरं कसं घेणार. मग पाळकसाहेब म्हणाले, आपण सर्व मिळून सेवन करू या, आणि साऱ्या मंदिरात तो हलका आवाज झाला, शे-दीडशे माणसांनी एकाच वेळी एवढासा घास चावल्याचा आवाज. दीनाने तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. आजवर त्या आवाजात तिचाही घास असे, त्यामुळे ऐकायला ती बाहेर नव्हती.

या मंडळीत तबक पुढे देणं ही साधी गोष्ट नव्हती. ज्याचं कुणाशी वाकडं आहे त्याने आधी जाऊन समेट करावा आणि मग भाकर घ्यावी, हे इथल्या प्रत्येकाने आईच्या मांडीवर ऐकलेलं. त्यामुळे एखाद्याने तबक पुढे दिलं की त्याच्या मनातलं पाप देव बघत असेल, पण भांडण कुणाशी ते मंडळी बघे, आणि घरोघरी पानं वाढून होईपर्यंत नाव निघे. आज तर नाव शोधायचीही गरज नव्हती. पाव सिल्व्हियाने कापला होता. सिल्व्हिया म्हणजे दीनाची धाकटी जाऊ, पुणतांब्याकडची, अंगाने भरलेली, हसली की बांगड्यांसकट हसणारी. प्रभुभोजनाचा पाव कापायचं काम तिच्याकडे आल्याला सहा-सात महिने झाले होते आणि शनिवारी संध्याकाळी ती ते अंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन करी. उपासना सुटल्यावर ती अंगणात आली, रिकामं तबक पदराखाली धरून. एरवी "सलाम, दीनाताई" म्हणून कोपरावर चिमटा काढल्याशिवाय ती पुढे जात नसे. आज ती चिंचेखालून सरळ फाटकाकडे गेली. दीनाला वाटलं, घाईत असेल. तिला खरंच तसं वाटलं. थकलेल्या माणसाला दुसऱ्याचं मन वाचायला लागतं तेवढंही बळ उरत नाही.

थकवा हल्ली असा सारखा असे. चढ नसलेल्या रस्त्यावर चढ चढल्यासारखा. स्कूटरवर नवऱ्याच्या, सॅमसनच्या, मागे बसून सावेडीला घरी येताना, डोक्यावर फेब्रुवारीचं चांगलं तापलेलं ऊन असून, तिची बोटं गार होती. सॅमसनने आरशातून विचारलं, "बरं नाही का?" "बरंय." त्याने पुढे विचारलं नाही. वर्षभरात तो न विचारायला शिकला होता. घरी येऊन त्याने स्वतःसाठी वरणभात वाढून घेतला आणि तिने ओट्यावरच्या काट्यावर वाटी ठेवून काटा शून्यावर आणला आणि उकडलेला दुधी मोजला. काटा शून्यावर यायचा तो क्षण तिला आवडे. सगळ्या दिवसात तेवढंच स्वच्छ वाटे. मग तिने दुधी मोबाईलमधल्या ॲपमध्ये टाकला, ॲपने हिरवा गोल दाखवला, आणि गोल बघून झाल्यावर जेवायचं फक्त उरलं, भांडी घासायची उरतात तसं.

हे सगळं वाईट हेतूने सुरू झालं नव्हतं. अण्णा गेले तेव्हा सुरू झालं. अण्णा म्हणजे तिचे वडील, कीर्तनकार. धोतर, कोट, खांद्यावर उपरणं, हातात झांजा. राहात्यापासून जामखेडपर्यंत ख्रिस्ती वस्ती असेल तिथे अण्णांचं कीर्तन झालेलं, आणि वस्तीबाहेरची माणसंही घोंगड्या घेऊन ऐकायला येत, कारण अण्णा आख्यान लावत तेव्हा गालीलचा समुद्र गोदावरीच्या पात्रात दिसे. तबल्यावर फिलिपकाका. अण्णांचं पोट मोठं होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. रंगात आले की पोटावर थाप मारून म्हणत, फिलिप, तुझा डग्गा उतरला तर हा हाय! माणसं हसत, आणि पुढे बसलेल्या लहान दीनाला ते पोट सगळ्या गावाच्या मालकीचं वाटे, देवळाच्या घंटेसारखं. पाच भाकरी आणि दोन माशांत येशूने सगळ्या जमावाला जेवू घातलं, हे त्यांचं हुकमी आख्यान. सगळे जेवले, तृप्त झाले, आणि उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या, इथे ते झांज थांबवत. "आता मला सांगा मंडळी, उरलेलं मोजलं. व्हय ना? बारा टोपल्या. पन खाल्लेलं कुनी मोजलं का?" एकदा पुणतांब्याला मागून कुणीतरी ओरडलं होतं, "मानसं मोजली की अण्णा! पाच हजार!" आणि अण्णा म्हणाले होते, "मानसं मोजली, कारन यायला सांगायचं व्हतं. उरलेलं मोजलं, कारन वाया जाऊ द्यायचं नव्हतं. पोटात गेलं ते मोजलं न्हाई बाबा. ते ज्याचं त्याचं आन देवाचं." आणि मग झांज अशी सुटे की दीनाच्या दातांत तिचा नाद जाई. कीर्तन संपल्यावर शेतात हुरडा. आगटीभोवती बसून गरम कणसं हातावर चोळायची, फुंकर मारायची, लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायची. कुणी किती खाल्ला हे फक्त दुसऱ्या दिवशी पोट सांगे. गेल्या महिन्यात ती शिकवायची त्या शाळेच्या सहलीत हुरडा होता. दीनाने ॲपमध्ये शोधला. हुरडा नावाचा पदार्थ ॲपला माहीत नव्हता. मग तिने तो खाल्ला नाही. मुलांना भाजून देत राहिली आणि तळहात भाजले तेवढा हुरडा तिच्या वाट्याला आला.

पण त्या पोटाचं काहीतरी तिच्यात उतरलं होतं आणि ते घंटेसारखं नव्हतं. बापाच्या अंगावर गेली पोर, असं म्हणत बाया तिचा गाल ओढत. दहाएक वर्षांची असताना नाताळच्या नाटकात तिला देवदूत व्हायचं होतं. देवदूतांचे झगे आधीच्या वर्षीचेच होते, सॅटिनचे, आणि तिच्या काखेत तो अडकला, वरही जाईना, खालीही येईना, आणि संडे स्कूलच्या दोन बाईंनी मिळून तो काढला तेव्हा शिवण उसवली. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "असू दे, दीना उंट होईल. बाळ येशूकडे येणाऱ्या ज्ञानी लोकांना उंट पण लागतोच की." उंट दोघींचा होता आणि दीना मागची. घोंगडीखाली अंधार, घोंगडीचा वास, पुढच्या मुलीच्या भेगाळलेल्या टाचा, आणि बाहेर सगळं मंदिर हसतंय. त्या हसण्यात तिने एक आवाज ओळखला. अण्णा सगळ्यांत मोठ्याने हसत होते. प्रेमानेच हसत होते, लेकीचा उंट बघून त्यांचं पोट हलत असणार, हे तिला तेव्हाही कळत होतं. कळून घोंगडी हलकी झाली नाही. पुढे कॉलेज, नोकरी, लग्न, आणि प्रत्येक फोटोत ती कुणाच्या तरी मागे उभी.

अण्णांना साखरेने नेलं. आधी अंगठा, मग पाऊल. शेवटी झांज धरायला हात होते, पण उभं राहायला पाय नव्हता, आणि बसून कीर्तन करायला ते तयार नव्हते. त्यानंतर डॉक्टरांनी दीनाचा रिपोर्ट बघून चष्मा काढला आणि म्हणाले, तुम्ही त्याच वाटेवर आहात, बाई. तिने काटा आणला, ॲप घेतलं. पहिले महिने चांगलेच होते, खोटं कशाला बोला. गुडघे दुखायचे थांबले, साखर खाली आली, जिना चढताना धाप लागेना. शाळेत टीचर्स रूममध्ये बाया तिच्याभोवती जमू लागल्या, मॅडम काय केलंत, आम्हाला पण सांगा. आणि तिला ऐकू येणारं ते जुनं हसणं जरा लांब गेलं. मग कधीतरी, नेमकं कधी ते तिला सांगता आलं नसतं, औषध घराचं मालक झालं. कोथिंबीर मोजू लागली. बोटाला लागलेलं पीठ चाटण्याआधी थांबू लागली. कुणी वाढायला आलं की ताटावर तळहात आडवा जाई, झोपेतही गेला असता. मागच्या तपासणीला तेच डॉक्टर म्हणाले, "आता पुरे. आणखी कमी करू नका. भूक लागली की जेवा." तिने मान हलवली. रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं, भूक म्हणजे नेमकं काय होतं ते तिला आठवत नाहीये. एक थकवा आहे, तो कशाचाही असू शकतो.

ऊन कलायला लागलं तेव्हा फिलिपकाका आले. सॅमसन आत आडवा झाला होता. काकांनी चप्पल दाराशी काढली, खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, आणि पेला खाली ठेवता ठेवता म्हणाले, "काय वाकडं हाय तुमचं?"

"कुणाचं काका?"

"आता मला म्हाताऱ्याला खेळवू नको पोरी. सिल्व्हियानं सुरी आन तबक माझ्या घरी आनून ठिवलं. म्हनली, काका, पाव कापायला दुसरं कुनी बघा. मी इचारलं का गं, तर म्हनली, माझ्या हातचं माझ्या घरातच चालंना, मंडळीला कशाला चारू?"

दीना म्हणाली, "चालंना? कुणाला चालेना?" आणि म्हणतानाच तिला ते दिसलं. सगळं वर्ष दिसलं, पण पलीकडच्या बाजूने, भरतकामाची मागची बाजू दिसावी तसं. सिल्व्हियाने नाताळात पाठवलेल्या करंज्या तिने डबा न उघडता परत केल्या होत्या. सिल्व्हियाच्या मुलाच्या वाढदिवसाला ती स्वतःचा डबा घेऊन गेली होती आणि सगळ्यांच्या पंगतीत उकडलेले मूग खात बसली होती. इस्टरला सिल्व्हिया बिर्याणी वाढायला वाकली तेव्हा ताटावर तळहात आडवा. दर वेळी तो तळहात सिल्व्हियाच्या हाताच्या इतका जवळ असे. आणि हातचं न खाणं म्हणजे काय, हे या घरांना वेगळं सांगावं लागत नव्हतं. सिल्व्हियाची आजी पुणतांब्याला ज्वारी काढायला जाई तेव्हा पाणी वरून ओतून मिळे, ओंजळीत. ते सिल्व्हियानेच एकदा सांगितलेलं, हसत सांगितलेलं. सॅमसनकडचे तीन पिढ्या नगरातले, मास्तर, मिशनच्या बंगल्यात टेबलाशी जेवलेले. सिल्व्हिया लग्न होऊन आली तेव्हा सॅमसनची आत्या तिच्या हातचा चहा न पिता उठली होती, आणि दीनाने रागाने दोन कप प्यायले होते. त्या दोन कपांवर त्या दोघींचं सगळं उभं होतं.

"तसं नाही काका," ती म्हणाली. "ते माझं वजनाचं... मी तुकड्याचं मोजत होते. त्यात किती..."

"कशाचं? प्रभूच्या पावाचं?" काका हसले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांची बोटं गुडघ्यावर हळूच ताल धरत होती, त्यांना माहीत नसताना. "तुझ्या बापासंगं तीस वरसं वाजवलं मी. त्यो असता तर काय म्हनला असता ते मी सांगत न्हाई, तुला ठावं हाय." मग उठत म्हणाले, "मला पटलं. पन मला पटून काय उपेग? जा. ऊन हाय तवर जा."

ती चालत गेली. तारकपूरच्या मागच्या बाजूला सिल्व्हियाच्या दोन खोल्या. चालताना ती वाक्यं जुळवत होती आणि प्रत्येक वाक्य खोटं वाटत होतं. पुस्तकी वाटत होतं. मला एक आजार झालाय. आजार आहे का? मला खाण्याची भीती वाटते. कुणाला वाटते असली भीती, ज्या गल्लीत माणसं अजून भाकरीला देवाचं नाव घेतात? आणि या सगळ्याच्या खाली, बेशरमपणे, चालण्यात किती जळलं याची बेरीज चालू होती.

सिल्व्हिया एकटीच जेवायला बसली होती, फरशीवर, उशिरा. घरातल्यांचं आटपून नवरा-मुलगा बाहेर गेले होते. रविवारचं मटण. ताटात तिने भाकरी कुस्करून वर रस्सा ओतला होता आणि बोटं त्यात होती. दीनाला बघून तिने बोटं काढली नाहीत.

"या. बसा. चहा ठिवते." मग जरा थांबून, "बिनसाकरंचा."

"सिल्व्हिया, सकाळी ते पावाचं..."

"पाव ताजाच हुता ताई. हात धुवून कापला. साबनानं धुतलं हुतं."

दीनाने जुळवून आणलेलं एकही वाक्य उरलं नाही. ती उंबऱ्यातच बसली, पदरासकट, आणि म्हणाली, "मी तो मोजला गं."

"काय मोजलं?"

"तुकडा. त्याच्या कॅलरी. तबक हातात होतं आणि माझ्या डोक्यात आकडा आला. तू कापलास हे मनात नव्हतं. प्रभू नव्हता, तू नव्हतीस, कुणीच नव्हतं. आकडा होता नुसता."

सिल्व्हिया बघत राहिली. "प्रभुभोजनाचा तुकडा?"

"हो."

"आन घेतला असता तर? मोबाईलात टाकला असता?"

"असता."

"कशात टाकला असता? नाष्ट्यात का जेवनात?"

दीनाने खरंच विचार केला. तबक हातात असताना तिने तोही विचार केला होता, तिला आठवलं. "मधल्या खाण्यात," ती म्हणाली.

सिल्व्हियाच्या बांगड्या वाजल्या. हसू येत होतं आणि ती ते येऊ देत नव्हती. "लई शिकलेली मानसं अशी गोड भांडत्यात," ती म्हणाली, "कळतच न्हाई भांडन हाय का न्हाई. करंज्या परत आल्या तवा म्या रडले हुते. ह्यांना म्हनलं, काय न्हाई, तूप खराब निघालं." मग हसू गेलं. "तुमी म्हंता ते खरं आसंल. पन मला तोंडानं सांगून न्हाई कळायचं आता." तिने ताट पुढे ढकललं, फरशीवर घासत, दोघींच्या मध्ये. "उष्टं हाय माझं. चालंल?"

ताटात कुस्करलेली भाकरी, लाल रस्सा, वर तेलाचा तवंग, एका कडेला सिल्व्हियाच्या बोटांनी केलेली वाट. दीना सरकून पुढे बसली. आकडा येईल म्हणून तिने वाट पाहिली. तो आलाही, एक भाकरी मध्यम, इतकी. पण कितीवी भाकरी? अर्धी खाल्लेली की पाऊण? रस्सा भाकरीत गेलेला आणि भाकरी रश्श्यात, कुठे काय संपतं ते दिसत नव्हतं. बेरीज सुरू झाली, अडखळली, परत पहिल्यापासून सुरू झाली. तिला त्या बेरजेची दया आली, उन्हात कामाला जुंपलेल्या मुक्या जनावराची यावी तशी. तिने घास घेतला.

तिखट होतं. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिखटाने आलं असं म्हणायची सोय होती. घास गिळताना गळ्याला तो ओळखीचा वाटला नाही, मग वाटला. पोटाच्या तळाशी काहीतरी हललं, रागावल्यासारखं, बरेच दिवस दार वाजवून थकून बसलेल्या माणसाला शेवटी कुणी कडी काढल्याचा आवाज यावा तसं. तर ही भूक. ही इथेच होती.

"मला भूक लागली होती गं," ती म्हणाली.

"दिसतंय की," सिल्व्हिया म्हणाली. "तोंड बगा आरशात. चिपाड झालंय नुसतं."

मग दोघी खात राहिल्या. सिल्व्हिया मध्येच तिच्या बाजूला बोटी सरकवी, दीना ती परत सिल्व्हियाच्या बाजूला सरकवी, कुठल्या बाजूचं कुणी खाल्लं कळेना. बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर गाणं चालू होतं, पोरं क्रिकेट खेळत ओरडत होती. चौथ्या की पाचव्या घासाला आकडा परत आला, उद्याही येईल, दीनाला ठाऊक होतं. एवढ्याने जाणारा तो नव्हता. पर्समध्ये मोबाईल थरथरला, ॲप रोज या सुमाराला विचारे. दीनाने पर्सकडे पाहिलं आणि ती उचलायला जेवढं उठावं लागलं असतं तेवढं तिच्या अंगात नव्हतं. सिल्व्हियाने न विचारता ताटात आणखी एक भाकरी कुस्करली आणि पातेल्यातला रस्सा पळीने घेतला. दीनाचा तळहात सवयीने उठला, ताटावर आडवा गेला. पळी थांबली. सिल्व्हिया थांबली. दीनाने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, गार, पातळ, निळ्या शिरांचा हात, आणि तो तिने उलटा केला आणि भाकरीत घातला, मधोमध, आणि रस्सा बोटांवरून गरम गरम वाहत गेला.

"भाजलं का?"

"नाही. घाल."

ताट पुसून झालं. दीनाने भिंतीला डोकं टेकलं होतं आणि डोळे मिटले होते. सुरी काकांकडून परत आणायची, हे कुणीतरी बोलायला हवं होतं. सिल्व्हियाने पाय पसरले आणि बसल्या जागेवरून भाकऱ्यांची दुरडी पुढे ओढून तिच्यावरचं फडकं बाजूला केलं.

"दीड उरली," ती म्हणाली. "सकाळच्या न्याहारीला व्हईल."